दीड वाजेपर्यंत ठीक

त्या ठाण्यातल्या हवालदाराचं खरं नाव सेवापुस्तकात आणि बायकोच्या रागात तेवढं उरलं होतं. बाकी सगळे त्याला भिंगरी म्हणायचे, तेही अगदी तोंडावर. माणूस एका जागी म्हणून टिकायचा नाही. खुर्चीत टेकला की पाय हलायचा, पाय धरून ठेवला की बोटं टेबलावर वाजायची, आणि साहेब खेकसले की उठून खिडकीशी जाऊन उभा राहायचा. तेवीस वर्षं नोकरी झाली, झोप तीन तासांवर आली, पोटात कायमची जळजळ. पण त्या ठाण्यात याचं कोणाला काय कौतुक? एक फौजदार घरी जायला नको म्हणून बंद झालेल्या फायली पुन्हा उघडून बसायचा. एक शिपाई बायको सोडून गेल्यापासून वर्दीतच झोपायचा. शहर अवाढव्य, ठाणं एवढंसं, आणि माणसं हवीत त्याच्या निम्मी. धड डोक्याचा माणूस तिथे शोधूनही सापडला नसता.

भिंगरीचा मेहुणा याच ठाण्यात शिपाई होता. बायकोचा सगळ्यात धाकटा भाऊ, तिच्या कडेवर वाढलेला. भरतीच्या आधी पहाटे त्याला मैदानात पळवला तो भिंगरीने, आणि साहेबांच्या हातापाया पडून इथे आणला तोही भिंगरीनेच. वाईट नव्हता हो. पण वर्षभरात दोनदा पहाऱ्यावर झोपलेला सापडला, आणि दुसऱ्या खेपेला वरून लेखी आलं की तिसऱ्यांदा असं घडलं तर सरळ घरी. घरी चार महिन्यांची मुलगी. ते पत्र आलं त्या दिवशी भिंगरीच्या बायकोने त्याला जेवायला वाढता वाढता सांगितलं, "माझ्या भावाचं काही वेडंवाकडं झालं तर बघा हं." बघा म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही, आणि विचारायची याची छाती झाली नाही.

आता त्या ठाण्यातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिच्यातूनच झाला. कोठडीच्या गजांशेजारी खिळ्याला एक तक्ता टांगलेला असायचा. पहारेकऱ्याने दर अर्ध्या तासाने आत बघायचं, वेळ लिहायची, कैद्याची तब्येत लिहायची आणि सही करायची. तब्येतीच्या रकान्यात 'ठीक' सोडून दुसरा शब्द कोणी लिहिल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. दर अर्ध्या तासाने जाणार कोण? म्हणून निघाली पेरणी. सकाळी आठला पहारा बदलला की येणारा माणूस उभ्याउभ्या दुपारी चारपर्यंतच्या सगळ्या वेळा, सगळे 'ठीक' आणि सगळ्या सह्या एका दमात करून टाकायचा. "झाली का रे पेरणी?" असं एकमेकांना विचारायचे आणि दात काढायचे.

या पेरणीतला उस्ताद म्हणजे भिंगरी. नवीन माणूस साडेआठ, नऊ, साडेनऊ असं लिहीत सुटला की हा त्याच्या टाळक्यात टपली मारायचा. "अरे मूर्खा, काट्यावर काटा ठेवून कोणी बघायला जातं का? आठ बत्तीस लिही. नऊ एक लिही. चार सह्या झाल्या की पेन बदल. एखादी घाईत केल्यासारखी कर, जरा वाकडी." मेहुण्याला हे सगळं यानेच शिकवलं. बाकी काही नाही तरी एवढं मात्र मेहुणा मन लावून शिकला.

त्या दिवशी कोठडीत एकटा रंगारी होता. घरं रंगवणारा माणूस, चाळिशीचा, नखांत पिवळा रंग अडकलेला. कामावर मुकादमाशी वाजलं, याने रंगाची बादली त्याच्या डोक्यात घातली, मुकादमाला तीन टाके पडले आणि हा आदल्या संध्याकाळी आत आला. पहाऱ्यावर मेहुणा. तो सलग दोन दिवस मिरवणुकीच्या बंदोबस्तात उभा राहून आलेला, डोळे लालभडक. भिंगरीने सकाळी त्याच्याकडे बघितलं होतं, पण बघून काय करणार? त्याच्या जागी उभं करायला दुसरं कोणी नव्हतं. याला एका जुन्या खटल्याचे कागद घेऊन न्यायालयात जायचं होतं. सव्वानऊला घाईघाईने तो बाहेर पडला, आणि परत आला तेव्हा दुपारचे पावणेदोन झाले होते.

आल्या आल्या पाणी प्यायला माठाकडे वळला. कोठडी वाटेतच. रंगारी फरशीवर पडलेला होता, एका कुशीवर, उजवा हात अंगाखाली मुडपलेला.

"ए रंगारी, ऊठ की. न्यायालयात जायचंय तुला."

रंगाऱ्याने एक डोळा त्याच्याकडे फिरवला. दुसरा फिरला नाही. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता, त्यातून लाळ गळत होती आणि विजार ओली झालेली होती. त्याने आधी बघितला तो तक्ता, सवयच तशी. एक वाजून एकतीस मिनिटं, ठीक. खाली मेहुण्याची लफ्फेदार सही. पान उलटलं. दोन वाजून दोन मिनिटं, ठीक. दोन तेहतीस, ठीक. तीन अठ्ठावन्न, ठीक. भिंतीवरच्या घड्याळात अजून दोनसुद्धा वाजले नव्हते.

मग एकच धावपळ उडाली. भिंगरीने आरडाओरडा करून रुग्णवाहिका मागवली, दोघा शिपायांनी रंगाऱ्याला उचलून बाहेर आणला. मेहुणा जुन्या कागदांच्या खोलीत गठ्ठ्यांवर आडवा झालेला सापडला, गालावर सुतळीचे वळ उमटलेले. भिंगरीने त्याच्या कानाखाली अशी एक ठेवून दिली की स्वतःचाच हात झिणझिणला.

"भावजी, आता डोळा लागला होता. आत्ताच."

"आत्ताच? गाढवा, तुझा कैदी मरतोय तिकडे!"

साहेब आले. गडबड नाही, घाई नाही. तक्ता खिळ्यावरून काढला, दोन्ही पानं वाचली, मागचं पान टाचणीतून अलगद सोडवलं, घडी घालून खिशात टाकलं आणि तक्ता पुन्हा खिळ्याला अडकवला.

"दीड वाजता ठीक होता," साहेब म्हणाले. "पावणेदोनला आपल्या लक्षात आलं. लगेच रुग्णवाहिका. याहून चोख काम कुठल्या ठाण्यात होतं, सांग मला."

"पण साहेब..."

"पण काय? तुझ्या मेहुण्याची तिसरी खेप आहे. तुला तो 'पण' हवाय की मेहुणा?"

मेहुण्याने भिंतीला टेकून डोळे पुसले. आणि खोटं कशाला बोलायचं, भिंगरीला त्या क्षणी हायसंच वाटलं. तेवढ्यात हॉस्पिटलमधून फोन आला. साहेबांनी तो घेतला, "दीड वाजता अगदी व्यवस्थित होता, लेखी आहे आमच्याकडे," असं ठणकावून सांगितलं आणि ठेवून दिला. डॉक्टरला ते लेखी बघायचं होतं म्हणे. साहेबांनी तक्त्याची नक्कल काढली, शिक्का मारला आणि भिंगरीच्या हातात दिली. "जा देऊन ये. तुझे तरी पाय मोकळे होतील."

हॉस्पिटल तिथून दहा मिनिटांवर. भिंगरीने मोटरसायकल सिग्नल तोडत नेली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. तिसऱ्या मजल्यावर एक डॉक्टरीणबाई दारातच उभी होती. त्याच्या मुलीच्या वयाची असेल, केस रबराने वर बांधलेले, हातात मोजे. तिने नक्कल जवळजवळ हिसकावूनच घेतली.

"एक एकतीस. वा! बरं झालं तुमच्याकडे एवढं काटेकोर लिहितात. बहुतेक ठिकाणी काहीच नसतं." तिने आत कोणाला तरी ओरडून सांगितलं, "तयार करा!" आणि पुन्हा याच्याकडे वळली. "मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत गाठ अडकलीये. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं. झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत दिलं तर माणूस पुन्हा चालू शकतो, बोलू शकतो. यांच्याकडे भरपूर वेळ आहे. बायकोला फोनवर विचारलं, ती हो म्हणाली, निघालीये."

"आणि साडेचार तास उलटून गेले असतील तर?" भिंगरीने विचारलं. सहज विचारल्यासारखं विचारलं, पण आवाज चिरकलाच.

"तर नाही देत. तोवर आतला भाग नाजूक झालेला असतो. त्यात हे इंजेक्शन गेलं तर मेंदूत रक्त फुटू शकतं. टेबलावरच जाऊ शकतो माणूस." ती थांबली. "का? एक एकतीसला तुमच्या माणसाने बघितलंय ना डोळ्यांनी?"

"एक मिनिट हं, डॉक्टर. ठाण्यात एकदा विचारून घेतो."

"आता काय विचारताय? लिहून आणलंय ना?"

"विचारून घेतो."

"इंजेक्शन भरायला पाच मिनिटं लागतात. तेवढीच आहेत तुमच्याकडे. एकेक मिनिटाला त्याचा मेंदू मरतोय तिथे."

भिंगरी लांबलचक बोळातून चालत सुटला. चालता चालता त्याने मेहुण्याला फोन लावला. "खरं सांग. सकाळपासून त्याला कधी बघितलास? तुझ्या पोरीची शपथ आहे तुला."

"आठला. सकाळचा चहा दिला तेव्हा. बोलला तो माझ्याशी, मुकादमाला शिव्या घातल्या. मग मी तक्ता भरला आणि... भावजी, तुम्ही कोणाला सांगणार आहात का? साहेब म्हणाले सगळं मिटलं. भावजी, माझी नोकरी जाईल हो."

"आठनंतर नाही?"

"नाही."

आठ आणि साडेचार, साडेबारा. साडेबारा केव्हाच होऊन गेले होते. पण म्हणजे काय, झटका आठलाच आला असं थोडंच आहे? एकला आला असेल. सव्वाला आला असेल. कोणी बघितलंच नाही तर कोण छातीठोकपणे सांगणार? भिंगरीने ही आशा घट्ट धरली. कोणीतरी बघितलं असेल, कोणीतरी त्या बाजूने गेलं असेल, बारापर्यंत धडधाकट होता असं कोणीतरी म्हणावं, बस्स. मग इंजेक्शनही मिळेल आणि तक्त्याचंही कोणाला कळायचं नाही.

"फरशी पुसणाऱ्या मावशी आहेत का तिथे? दे त्यांना फोन. लवकर दे!"

मावशी फोनवर आल्या त्या नेहमीसारख्या ओरडतच. कानाला कमी ऐकू येतं म्हणून सगळ्या जगालाच कमी ऐकू येतं अशी त्यांची समजूत होती.

"मावशी, तुम्ही कोठडीपुढची फरशी कधी पुसली? तो रंगारी तेव्हा कसा होता? नीट बोलत होता का?"

"काय हवालदार, चेष्टा करता का माझी?"

"चेष्टा कसली? सांगा ना!"

"अहो, तुम्हालाच तर सांगितलं मी! तुम्ही कागद घेऊन निघाला होता, दारात गाठलं तुम्हाला. म्हटलं, तो रंगारी बघा कसं बोबडं बोलतोय, एका हाताने गज धरता येईना त्याला. तर तुम्ही म्हणालात, रात्रीची उतरली नसेल, आणि गेलात फटफटी काढून. विसरलात होय?"

भिंगरी विसरला होता. खरंच विसरला होता, आणि आता सगळं डोळ्यांपुढे आलं. मावशींच्या हातातला ओला पोछा, बुटावर पडू नये म्हणून त्याने मागे घेतलेला पाय, आणि आपण हसत म्हटलेलं ते वाक्य. सव्वानऊ वाजले होते तेव्हा. त्याने कोठडीकडे मान वळवून बघितलंसुद्धा नव्हतं.

"अहो, मी आत शिपायालाही सांगायला गेले. तो घोरत होता. मग मी म्हटलं, मोठ्या हवालदारांना माहीत आहे, ते बघतील."

भिंगरीने फोन कानापासून दूर केला. बोळात तो एका टोकाला गेला, परत आला, पुन्हा गेला. मनात नुसता गोंधळ. गप्प बसलं तर? डॉक्टरीण इंजेक्शन देईल. कदाचित लागूही पडेल, एखाद्याला पडत असेल. नाहीच पडलं तर म्हणतील रोगच वाईट होता. कागदावर एक एकतीस आहे, मेहुणा वाचेल, बायको बोलेल आपल्याशी, मावशींना कोण विचारायला बसलंय? आणि हा रंगारी आपला कोण लागतो? कोणी नाही! असं स्वतःला दटावून तो वळला, तर समोरून डॉक्टरीणबाई येत होती आणि तिच्या मागून परिचारिका ट्रे घेऊन. ट्रेमध्ये भरलेली सिरिंज होती.

"काय? पक्कं ना?"

"नाही," भिंगरी म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"ते खोटं आहे. नका देऊ ते." एकदा तोंड उघडल्यावर मग त्याला थांबवेना. "आठला ठीक होता. सव्वानऊला बोबडं बोलत होता, हात चालत नव्हता. मला सांगितलं होतं, मी बघितलं नाही. तक्ता सकाळीच भरून ठेवतो आम्ही. सगळेच भरतो. मीच शिकवलं सगळ्यांना, मिनिटं कशी मागेपुढे करायची ते. देऊ नका, मरेल तो!"

डॉक्टरीणबाईने परिचारिकेला हाताने थांबवलं. मग हातातल्या नकलेकडे बघितलं, एक एकतीसवर बोट ठेवलं, आणि तिचा चेहरा असा काही झाला की भिंगरीला वाटलं हिने दोन ठेवून द्याव्यात, तेच बरं.

"सव्वानऊला आणलं असतं ना तुम्ही याला," ती म्हणाली, "तर हेच इंजेक्शन मी डोळे झाकून दिलं असतं. सकाळी दहाला दिलं असतं."

"काहीच करता येणार नाही आता?"

"जगवता येईल कदाचित. उजवी बाजू गेली. बोलणं बहुतेक परत यायचं नाही." तिने ट्रे परत पाठवला. "तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते मी लिहिणार आहे. आणि तुम्ही इथून हलायचं नाही."

साहेबांचा फोन तीन वेळा वाजला. चौथ्यांदा भिंगरीने घेतला, झालं ते सांगितलं आणि पलीकडून सुरू झालेल्या शिव्या पुऱ्या ऐकून घेतल्या. त्यानंतर मेहुण्याचा आला. त्याने शिव्या दिल्या नाहीत, रडलाही नाही. "ताईला तुम्हीच सांगा," एवढं म्हणाला. सांगायचं तर होतंच. तिच्या भावाची नोकरी गेली ती तिच्याच नवऱ्यामुळे, आणि तेही दोनदा, एकदा त्याने शिकवल्यामुळे आणि एकदा त्याने तोंड उघडल्यामुळे. भिंगरीने बाकावर बसायचा प्रयत्न केला. जमेना. पुन्हा उठला.

तीनच्या सुमाराला रंगाऱ्याची बायको आली. जिने चढून धापा टाकत, कुठल्याशा कारखान्यातून आली असावी, कारण डोक्याला कामावरची जाळीची टोपी तशीच होती. आल्या आल्या तिने डॉक्टरीणबाईला धरलं.

"दिलं का इंजेक्शन?"

"नाही देता आलं, ताई. बसा जरा, सांगते."

"का? मी हो म्हटलं ना फोनवर! अंगठा हवाय का, सही हवीये का? कुठे करू सांगा." तिला बसायचं नव्हतं. "मला ठाण्यातल्या साहेबांनी स्वतः सांगितलं, दीडपर्यंत ठीक होते ते. तुम्हीच म्हणालात साडेचार तास. दीड, अडीच, साडेतीन..." ती बोटं मोजायला लागली. "अजून दीड तासही नाही झाला! वेळ आहे अजून! द्या ना हो!"

"वेळ नाहीये, ताई. वेळ केव्हाच..."

"आहे!" बाईचं लक्ष बाजूच्या वर्दीकडे गेलं आणि तिच्या डोळ्यांत एकदम जीव आला. तिने येऊन भिंगरीची बाही घट्ट पकडली. "साहेब, तुम्ही त्याच ठाण्यातले ना? तुम्हीच सांगा यांना. पोलिसांचं ऐकतील त्या. दीडपर्यंत ठीक होते, तुमच्याकडे लिहिलेलं आहे. दाखवा ना यांना, साहेब, पाया पडते तुमच्या."

डॉक्टरीणबाईने भिंगरीकडे बघितलं आणि बघतच राहिली.

भिंगरीला तिथून पळून जावंसं वाटलं. पाय तर तयारच होते. पण बाही बाईच्या मुठीत होती.

"बाई, ते खरं नाही," तो म्हणाला. "दीड वाजता त्यांना कोणी बघितलं नाही. लिहिलं ते खोटं लिहिलं. सकाळी सव्वानऊपासूनच त्यांचं बिघडलं होतं. आमच्या मावशींनी मला येऊन सांगितलं, बोबडं बोलतायत, हात चालत नाही. मी म्हटलं, दारू असेल. बघायला गेलो नाही. माझी चूक आहे, बाई. मीच गेलो नाही."

बाई ओरडेल म्हणून तो अंग चोरून उभा राहिला. ती ओरडली नाही. नीट कळलं नसावं तशी त्याच्याकडे बघत राहिली.

"ते कधी पीतच नाहीत," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "बोलत होते म्हणता. काय बोलत होते?"

"मला... मी ऐकलं नाही."

"कोणी ऐकलं?"

"मावशींनी."

"मग विचारा त्यांना. आता ते बोलायचे नाहीत म्हणतायत ना या? मग शेवटचं काय बोलले तेवढं तरी मला कळू दे."

भिंगरीने एका हाताने फोन लावला, दुसरा तिने धरून ठेवलेला. मावशींना विचारलं. मावशींनी ओरडूनच सांगितलं, पण बोळात लोकांची ये-जा होती, बाईला शब्द कळले नाहीत.

"काय म्हणाल्या?"

त्याने फोन खिशात ठेवला.

"बाकीचं काही त्यांना कळलं नाही," तो म्हणाला. "एकच पुन्हा पुन्हा म्हणत होते. पोलिसांना बोलवा. पोलिसांना बोलवा."

बाईने त्याची बाही सोडली.